नऊनंतरचा मेन रोड

काल माळ्यावरून कूलर खाली काढला. मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसून फेकलं, नवं भरलं, पाणी सोडलं. ओल्या गवताचा तो वास घरभर झाला आणि मला दोन वर्षांआधीचा उन्हाळा आठवला. आठवला म्हणजे राग आला. माझ्या बाबतीत ही दोन्ही कामं सोबतच होतात. आमचे हे म्हणाले, "एक कूलर तुह्या डोक्यावर बी बसवून घे." मी म्हटलं, बसवते, पण आधी माझं ऐकून घ्या. ते ऐकत नाहीत, पेपर वाचतात. म्हणून लिहून काढते आहे.

चंद्रपूरचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला फक्त आकड्यात माहीत असतो. मे महिन्यात टीव्हीवर आमच्या गावाचं नाव येतं, तापमानाच्या पट्टीत सगळ्यांत वर. त्या आकड्याखाली माणसं कशी राहतात ते पट्टीवर मावत नाही. दुपारी बारा ते पाच आम्ही नसतोच म्हणा ना. नळाचं पाणी हात भाजेल इतकं तापतं, कुत्री नालीत जाऊन पडतात, मेन रोडच्या डांबराला चपला चिकटतात. आमच्या गल्लीतली निम्मी घरं टिनाची. दिवसभर गिळलेलं ऊन ती टिनं मध्यरात्रीपर्यंत ओकत बसतात. कूलर लावला तरी गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते, एवढंच.

म्हणून आम्ही मेन रोडवर जायचो. गल्लीच्या तोंडाशीच मेन रोड. दिवसा तिथं पाय ठेवायला जागा नसते. रात्री नऊला शटरं पडायला लागतात, साडेनऊला रस्ता रिकामा. सरळसोट रस्ता, मध्ये अडवायला काही नाही, नदीकडून निघालेलं वारं थेट आमच्या तोंडावर यायचं. आणि इथल्या दुकानदारांची एक रीत होती. शटर ओढायच्या आधी दुकानाचा ओटा बादलीभर पाण्यानं धुऊन काढायचा. एक तर कोळशाची धूळ. आमच्याकडं सकाळी पांढरी चादर वाळत घातली तर संध्याकाळी ती करडी होऊन घरात येते. पण धूळ काय, सकाळीही धुता आली असती. रात्री धुवायचं कारण आम्ही होतो. बाया येऊन बसणार, हे त्यांना ठाऊक असायचं. भांड्यांच्या दुकानाचे नाना तर दोनदा पाणी मारायचे. "पह्यलं पाणी दगड पिऊन टाकते बाई, दुसरं तुमच्यासाठी," म्हणायचे, आणि कुलूप लावून घरी जायचे. या कामाला कोणी योजना म्हटलं नाही आणि त्यावर कोणाचा फोटो छापला नाही.

मग आम्ही. दहा-बारा बाया, अंगात गाऊन, वरून ओढणी, पायात घरातल्याच स्लिपरा. कोणाच्या हातात टरबुजाच्या फोडींची ताटली, कोणाच्या हातात पन्ह्याचा तांब्या. कोणी कुरडयांचा चीक बिघडला ते सांगते, कोणी नणंदेचं गाऱ्हाणं काढते, कोणी नुसतीच शटरला पाठ टेकून डोळे मिटते. पुरुष गच्चीवर नाहीतर पानठेल्यावर. ओटा आमचा. मी शाळेत तेहतीस वर्षं मास्तरीण होते, सगळ्या गल्लीची काकू आहे, दिवसभर या बायांना पाहते. दिवसात दुसऱ्या कुठल्याही वेळी त्यांना कशाला तरी टेकून बसलेलं मी पाहिलेलं नाही.

त्यातच शोभा असायची. आमच्या बाजूच्या सुमनबाईंची सून, मूल गावाकडची पोरगी, नर्सिंग शिकलेली. नवरा खाणीत, कधी सकाळची शिफ्ट, कधी रात्रीची. त्या वर्षी एप्रिलमध्ये शोभाचं नाव यादीत लागलं. मूलच्या रस्त्यावर आत एका खेड्यात उपकेंद्र आहे, तिथं कंत्राटी नर्स म्हणून. हजेरी नऊला, आणि त्या गावची पहिली एसटी पोचते अकराला. मुलाखतीत विचारलं होतं, दुचाकी येते का? पोरीनं सांगितलं, येते.

"काऊन खोटं बोलली गं?" मी विचारलं.

"मंग काय करू काकू? नाई म्हटलं असतं त पुढच्या पोरीले दिली असती. मले वाटलं, जूनपर्यंत शिकून घेईन."

आता आमच्या शहरात बाईनं गाडी शिकायची कुठं? दिवसा कोळशाचे ट्रक, ऑटो, अंगावर येणाऱ्या गाई, आणि प्रत्येक चौकात शहाणपण शिकवणारे चार जण. मैदानात जा तर पोरांचं क्रिकेट. पण नऊनंतरचा मेन रोड रिकामा होता. रिकामा होता म्हणून तर मी शिकले तिथं, चाळीस वर्षांची असताना. माझ्यानंतर मी पाच जणींना शिकवलं. शोभा सहावी. माझी जुनी स्कुटी, मागे सीटची पट्टी धरून पळणारी मी, आणि ओट्यावरून ओरडणाऱ्या बाकीच्या. "ब्रेक दाब वो माय, ब्रेक." "अंगावर नको आणू, माह्यं लग्नाचं पोरगं आहे." सुमनबाई स्वतः हसून हसून ओढणी तोंडात धरायच्या. शोभाला पहिल्या आठवड्यात सरळ चालवता यायला लागली. वळवता येत नव्हती. वळण आलं की ती दोन्ही पाय खाली सोडायची आणि गाडी तिला ओढत न्यायची.

मेच्या मधल्या आठवड्यात माझा भाचा आला. माझा भाऊ पुण्यात स्थायिक झाला, त्याचा मुलगा, अनिकेत. वाघ पाहायला आला होता. आमच्याकडं येणाऱ्या पाहुण्यांचं एकच असतं. पहाटे जंगलात जायचं, वाघ दिसला तर उड्या, नाही दिसला तर आमच्यावर राग, जसा काही आम्हीच तो लपवून ठेवला. हीच माणसं जंगलाजवळच्या हॉटेलात राहतात तेव्हा दिवे मालवून बसतात. हळू बोला, म्हणतात, ऐका, काय शांतता आहे. तीच माणसं शहरात आली आणि नऊला शटरं पडलेली पाहिली की म्हणतात, मेलेलं गाव आहे. जंगलातली शांतता देवाची, आमची शांतता म्हणजे मागासलेपण. या गोष्टीनं माझं डोकं आधीपासून फिरतं, त्यात अनिकेतला वाघ दिसला नाही.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहिला, मोबाइल माझ्याकडं धरून. "आत्या, इथे रात्री काय असतं? म्हणजे लोक काय करतात, कुठे जातात?"

आता नीट ऐका, कारण सगळ्यात मोठी चूक इथं झाली आणि ती त्याची नाही. मी पोळी लाटता लाटता म्हटलं, "इथी काई नाई रे बाबा. नऊ वाजले का सगळं बंद. आमचं कायचं आलं रात्रीचं."

का बोलले मी असं? कारण आम्ही असंच बोलतो. पाहुण्यानं ताटाचं कौतुक केलं तर म्हणतो, काही नाही, साधंच आहे. घर चांगलं आहे म्हटलं तर म्हणतो, कायचं चांगलं, पाणी गळते. आपलं म्हणून जे आहे ते पाहुण्यापुढं कमी करून सांगायचं, ही आमच्या झाडीपट्टीकडची रीत. आपल्यातल्या माणसाला ती कळते. तो म्हणतो, नाही हो बाई, छान आहे, आणि जेवायला बसतो. बाहेरच्या माणसानं तो शब्द जसाच्या तसा उचलला. मी पन्नाशी ओलांडलेली शिकलेली बाई, मला इतकं कळू नये? पोळी करपली, ती मीच खाल्ली.

साडेनऊला मी रोजच्यासारखी ओट्यावर गेले. शोभा गाडी घेऊन आली. अनिकेत मागून आला आणि रस्त्याच्या त्या बाजूला मोबाइल धरून उभा राहिला. मला वाटलं, आत्या गाडी शिकवते याचं पोराला कौतुक आहे. मी त्याला हातही हलवला.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ गल्लीतल्या प्रत्येक फोनवर होता. रिकामा रस्ता, बंद शटरं, माझा आवाज, इथी काई नाई रे बाबा. मग ओळीनं बसलेल्या आम्ही, गाऊनमधल्या, अंधारात. मग दोन्ही पाय फरफटत नेणारी शोभा आणि मागे धावणारी मी, आणि वर लिहिलेलं, चंद्रपूरची नाइटलाइफ. पुढं हसणाऱ्या तोंडांची रांग. बाहेरच्यांनी हसावं, ते हसणारच. पण खाली आमच्याच गावचे पोरं लिहून राहिले होते. खरं आहे भाऊ, आमच्या इथी काईच नाई. या, वाघ पाहा अन् पळा. एकानं विचारलं होतं, या बाया रात्रीच्या इथी कायले बसतात? त्याला दुसऱ्यानं जे उत्तर दिलं ते मी इथं लिहिणार नाही. त्या पोराला मी चौथीत शिकवलं आहे.

मी अनिकेतला फोन लावला. काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, "अगं आत्या, मी काय वाईट बोललोय? तूच म्हणालीस ना काही नाही म्हणून." मी फोन ठेवून दिला.  महिन्याभरानं त्यानं तो काढून टाकला. तोवर ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं होतं.

त्याच्यावर रागावताना मला गडचिरोलीतल्या भामरागडकडचे माझे पहिले दिवस आठवत होते, हेही सांगून टाकते. नोकरीला लागले तेव्हा बावीसची होते. पावसाळ्यात नद्या चढल्या की तो भाग तुटायचा, आणि अंधार पडला की मी खोलीचं दार लावून बसायची. वडिलांना पत्र लिहिलं होतं, इथे सात वाजता जग संपतं. तीन आठवड्यांनी शेजारच्या मडावीबाईनं दार वाजवलं. म्हणाली, "मास्तरीण, तू दार लावून बसते, तुले दिसंल कसं?" बाहेर आले तर सगळं गाव अंगणात होतं. विस्तवाभोवती माणसं बसलेली, म्हातारे बोलतात, पोरी एकमेकींच्या केसांत फणी फिरवतात, कोणी तरी हळू आवाजात गाणं म्हणतं. दिवा नव्हता म्हणून तिथं कोणी नाहीच असं मी धरलं होतं. त्या बाईनं निदान माझं दार वाजवलं. अनिकेत तर आमच्यासमोरच उभा होता आणि मीच त्याला सांगितलं, काही नाही.

असो. सावली गावाहून सुमनबाईंच्या भावाचा फोन आला. सुमनबाई तशाच माझ्या दारात आल्या. "माहा भाऊ म्हणते, तुह्या घरची सून रातची गाऊनवर रोडवर गाडी फिरवून राह्यली, सारी सावली पाहून राह्यली. आता नाई पाठवत मी तिले."

"तुम्ही बी त तिथीच बसून होत्या ना सुमनबाई," मी म्हटलं.

"होती. तीस वर्षं बसली मी त्या ओट्यावर. आता मी बी नाई जात."

आणि नाही गेल्या. त्यांच्यापाठोपाठ दुसरी, मग तिसरी. कोणाच्या पोरानं सांगितलं, कोणाच्या नवऱ्यानं. जूनमध्ये शोभा हजर झाली ती एसटीनं, सव्वाअकराला. चार दिवस सव्वाअकराला पोचली. पाचव्या दिवशी तिला सांगितलं, खोटं सांगितलंत तुम्ही, आणि यादीतल्या पुढच्या पोरीला बोलावलं. यात त्यांचंही काय चुकलं? नऊला येऊन बसलेल्या बाळंतिणीनं कोणाकडं पाहायचं? शोभा घरी आली आणि भांडी घासायला बसली. मी तिच्याकडं गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते?

दिवाळीनंतर आमच्या शहरातल्या तरुण व्यापारी मंडळींनी बैठक घेतली. गावाची बाहेर बदनामी होऊन राहिली, पाहुण्यांसाठी रात्रीचं काहीतरी पाहिजे, असं ठरलं. पाहुण्यांसाठी. मेन रोडवर रात्रीची चौपाटी उभी राहिली. रंगीत दिवे, मोमोज, चिनी भेळ, वाघाचा एक पुतळा ज्याच्या जबड्यात डोकं घालून फोटो काढायचा, आणि छातीत धडधड होईल असा भोंगा. अर्धे ओटे खाण्याच्या गाड्यांना दिले. उरलेल्यांवर कोणी बसू नये म्हणून लोखंडी टोकदार सळया ठोकल्या. नानांच्या ओट्यावरही ठोकल्या. मी विचारायला गेले तर नाना खाली पाहत म्हणाले, "पोरगं पाह्यते आता दुकान. माह्यं ऐकत नाई बाई." म्हाताऱ्या माणसावर मी काय ओरडणार? ओरडलेच, पण घरी येऊन, आमच्या ह्यांच्यावर.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये शोभाचं नाव पुन्हा यादीत आलं. तेच उपकेंद्र, तेच नऊ. तिच्या जागी घेतलेली पोरगी लग्न होऊन गेली होती. आता शिकायचं कुठं? रस्ता रात्री चौपाटीचा, दिवसा ट्रकचा. मे लागला त्या दिवशी सुमनबाई पुन्हा माझ्या दारात आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. म्हणाल्या, "दुपारी घेऊन जाता काय तिले? दोन वाजता. तवा रोडवर कोणी नसते. कोणी पाहत नाई."

 मेमधली दुपारी दोनची वेळ. ज्या वेळी आम्ही लेकरांना दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. बाईला कोणी पाहू नये अशी वेळ शोधता शोधता त्यांना ती एकच सापडली होती, आणि त्यांनी ती सुनेसाठी शोधली होती, म्हणून मला रागावताही येईना.

गेलो. तोंडाला ओले पंचे गुंडाळून, पिशवीत कांदा आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. गाडीच्या सीटवर पाणी मारलं तर वाफ यायची. रस्त्यावर खरंच कोणी नव्हतं. मी पट्टी धरून दहा पावलं पळायची आणि दुकानाच्या सावलीत जाऊन धापा टाकायची. सळयांमुळं टेकायलाही जागा नाही. शोभा एकटीच जायची, यायची, वळायची. हँडल धरून धरून तिचे तळवे सोलून निघाले. सोळाव्या दिवशी तिनं चौकात पाय न टेकवता गाडी वळवली, माझ्यासमोर आणून थांबवली, आणि उतरून भडभडा ओकली. ऊन लागलं होतं. तिला भिंतीच्या सावलीत बसवून मी डोक्यावर बाटली ओतली. ती म्हणाली, "रात्री कसं थंडं राहायचं नाई काकू इथी." मी दुसरी बाटली उघडली. बोलले असते तर रडले असते, आणि रस्त्यात रडायची मला सवय नाही.

जूनमध्ये ती हजर झाली. पावणेनऊला. आजही जाते, ट्रकच्या बाजूनं, पावसात, थंडीत. सावलीचे मामा आता सगळ्यांना सांगतात, आमची सून नर्स आहे, गाडीनं जाते. मला वाटलं, आता तरी. म्हणून मी सुमनबाईंना म्हटलं, चला ना, आपण खुर्च्या घेऊन जाऊ, शोभाला बी आणा, चौपाटी काय त्यांच्या बापाची आहे? सुमनबाई म्हणाल्या, "आता त ती नोकरीवाली झाली. आता त लोक जास्तच पाहतील." शोभा आतून ऐकत होती. बाहेर आली नाही. त्या घराचं टिन तेव्हा रात्रीचे दहा वाजले तरी तापलेलंच होतं.

मागच्या महिन्यात अनिकेत पुन्हा आला, दोन मित्रांना घेऊन. यंदा वाघ दिसला, त्यामुळं खुशीत होता. रात्री मला ओढून चौपाटीवर घेऊन गेला. मी लुगडं नेसून गेले. गर्दी होती, गाणी होती. मी प्रत्येक टेबलाकडं पाहत गेले. आमच्या गल्लीतली एक बाई नव्हती. मागच्या गल्लीतलीही नव्हती. अनिकेतनं नानांच्या दुकानासमोर उभं राहून मोबाइल काढला आणि म्हणाला, "आता कसं जिवंत वाटतं ना आत्या?"

मी म्हटलं, "दोन वर्षांआधी तू इथीच उभा होता. समोर बाया बसल्या होत्या. त्या कुठी गेल्या, हे विचारलं का तू कोणाले?"

त्यानं सळया ठोकलेल्या ओट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कुठल्या बायका, आत्या?" तो म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं.